सोडियम फ्लोराइड : थोडक्यात

• पांढरी, गंधहीन भुकटी. ९९३ अंश सेल्सिअसला वितळते. १०० मिलिलिटर पाण्यात विरघळते जेमतेम ४ ग्रॅम.

• हायड्रोफ्लुओरिक आम्लात कॉस्टिक सोडा मिसळून तयार करतात.

• मुख्य उपयोग टूथपेस्टमध्ये, दात किडू नयेत म्हणून. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने १९४५ मध्ये नळाच्या पाण्यातही ते मिसळायला सुरुवात केली. चंद्रपूर, यवतमाळमधल्या काही गावांत अडचण नेमकी उलटी : तिथे भूजलातच फ्लोराइड जास्त. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम. दुसरा स्रोत नसेल तर १.५.

• पोटात गेल्यास विषारी. रक्तातले कॅल्शियम घटते. हातमोजे, चष्मा, मास्क आवश्यक.

• आम्लाशेजारी ठेवू नये, हायड्रोजन फ्लोराइड हा घातक वायू सुटतो. द्रावण काचेऐवजी प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवावे, काच झिजते.