दिवसांआधी जन्मलेलं बाळ आणि मेंदूतला रक्तस्राव

सातव्या महिन्यातच बाळंतपण झालं, बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, "बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झालाय." अशा वेळी घरात पहिला प्रश्न निघतो तो सुनेच्या नावानं. ग्रहणात बाहेर गेली होतीस का? विळीला हात लावलास का? या दोन्हींचा रक्तस्रावाशी काडीचाही संबंध नाही.

खरं कारण बाळाच्या कच्च्या वाढीत असतं. 32 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना हा धोका जास्त असतो. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांच्या कडेला त्यांच्या रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. श्वास अडला, रक्तदाब खालीवर झाला की त्या फुटतात. बहुतेक रक्तस्राव पहिल्या तीन दिवसांतच होतो.

पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून डॉक्टर टाळूवरून सोनोग्राफी करतात. तिचा बाळाला त्रास होत नाही. रक्तस्रावाच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या दोन पायऱ्यांतली बहुतेक बाळं चांगली वाढतात. तिसऱ्या-चौथ्या पायरीत डोक्यात पाणी साचणं, हातपाय कडक होणं, वाढ मागे पडणं असा धोका असतो.

झालेला रक्तस्राव पुसून टाकणारं औषध नाही. म्हणून आधीची काळजी महत्त्वाची.

दिवस भरण्याआधी कळा आल्या, पाणी गेलं किंवा अंगावरून रक्त गेलं तर घरी वाट पाहू नका. 108 किंवा 102 ला फोन करा. नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयातच बाळंतपण व्हावं. लहानग्याला नंतर हलवण्यापेक्षा आईला आधी नेणं बरं. 24 ते 34 आठवड्यांत बाळंतपण होण्याची शक्यता असेल तर आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात. त्यानं बाळाची फुप्फुसं तयार होतात आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोकाही घटतो. "इंजेक्शन द्यायचं का?" असं डॉक्टरांना जरूर विचारा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण, आजारी बाळाचे उपचार आणि वाहन मोफत आहे. तो तुमचा हक्क आहे.

बाळ घरी आल्यावर टाळू भरण्याच्या नावाखाली ती दाबू नका, डोक्याला आकार देऊ नका, बाळाला गदागदा हलवू नका. टाळू आपोआप बुजते. मात्र टाळू फुगली, डोकं भराभर वाढलं, झटके आले, वारंवार उलटी झाली किंवा बाळ दूध ओढेनासं झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

दर भेटीत डोक्याचा घेर मोजून घ्या. मान धरणं, बसणं यांचा हिशेब जन्मतारखेपासून नको, डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून करा. तरीही बाळ मागे वाटलं तर आशाताईंना सांगा. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात व्यायामोपचार मिळतात. पहिल्या दोन वर्षांत मेंदू झपाट्यानं वाढतो, तेव्हाच उपचारांचा जास्त उपयोग होतो.

आणि त्या आईला बोल लावू नका. तिला आता आधार हवा आहे.