टेकडीवरील एक आठवडा : तेझे येथील तरुणांचें ख्रिस्ती शिबिर

शिबिर म्हटलें म्हणजे तंबू, शिट्टी आणि कवाईत यांचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. फ्रान्सच्या पूर्व भागांत, बर्गंडी प्रांतांतील तेझे या लहानशा खेड्यांत तंबू आहेत. पण शिट्टी नाहीं आणि कवाईतही नाहीं. तेथें दर रविवारीं निरनिराळ्या देशांतून तरुण-तरुणी येतात, आठवडाभर प्रार्थना करतात, जेवण वाढतात, भांडीं घासतात, आणि पुढच्या रविवारीं आपापल्या गांवीं परततात. उन्हाळ्याच्या सुटींत त्यांची संख्या हजारांच्या घरांत जाते. ज्या युरोपांत चर्चमधील बाकें ओस पडत चाललीं आहेत, त्याच युरोपांतील तरुण या टेकडीवर कां जातात आणि तेथून काय घेऊन येतात, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

या स्थानाचें मूळ युद्धकाळांत आहे. १९४० सालच्या ऑगस्टमध्यें रोझे शुत्झ नांवाचा पंचवीस वर्षांचा स्विस तरुण जिनीव्हाहून सायकलीवर येथें आला. फ्रान्सचा नुकताच पाडाव झाला होता आणि जर्मन अमलाखालील मुलुखाची सीमा तेथून फारशी दूर नव्हती. त्यानें एक जुनें घर विकत घेऊन निर्वासितांस, त्यांतही ज्यूंस, आसरा दिला. १९४२ मध्यें ही गोष्ट फुटल्यामुळें त्याला जिनीव्हास राहणें भाग पडलें. १९४४ मध्यें तो परत आला. युद्ध संपल्यावर जवळच्या छावणींतील जर्मन कैद्यांची विचारपूस त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं सुरू केली. ज्यांच्या भीतीनें काल माणसें लपवावीं लागलीं, त्यांच्याच देशबांधवांना आज आपल्या घासांतला घास द्यावयाचा, हें सोपें नव्हतें. १९४९ च्या ईस्टरला सात जणांनीं आजन्म ब्रह्मचर्य, सामाईक जीवन व साधेपणा यांचें व्रत घेतलें. प्रारंभीं सारे प्रॉटेस्टंट असलेल्या या बंधुसंघांत पुढें कॅथॉलिकही आले.

१९५० नंतरच्या दशकांत तरुणांचा ओघ सुरू झाला. गांवांतील जुनें चर्च अपुरें पडूं लागलें, तेव्हां नवें चर्च उभारण्याचें काम जर्मन तरुणांनींच पत्करलें. आपल्या वडिलांच्या पिढीनें केलेल्या अपराधांचें प्रायश्चित्त म्हणून ते परक्या देशांत श्रमदान करीत होते. १९६२ मध्यें पुऱ्या झालेल्या या इमारतीस ‘समेटाचें चर्च’ असें नांव मिळालें. १९७१ च्या ईस्टरला तेंही अपुरें पडलें, म्हणून बंधूंनीं त्याची मागची भिंत पाडून पुढें तंबू जोडला.

येथील दिनक्रम साधा आहे. सकाळीं, दुपारीं व संध्याकाळीं प्रार्थनेची घंटा होते. प्रवचनास फांटा असतो. लहान लहान गीतें अनेक भाषांत पुनःपुन्हा म्हटलीं जातात, आणि मध्यें कांहीं मिनिटें संपूर्ण मौन असतें. एखाद्या बंधूनें बायबलांतील उतारा समजावून दिल्यावर निरनिराळ्या देशांतील मुलें लहान गट करून त्यावर बोलतात. जेवण साधें, आणि तें खाण्यास एक चमचा पुरे. उरलेल्या वेळांत प्रत्येकाच्या वांट्यास कांहींतरी काम येतें : कोणी वाढतो, कोणी भांडीं घासतो, कोणी संडास स्वच्छ करतो.

तरुण मनावर परिणाम होतो तो या तीन गोष्टींच्या मिश्रणानें. मौन हें ज्याला कधीं लाभलें नाहीं, त्याला स्वतःच्याच विचारांची सोबत प्रथम भीतिदायक वाटते व मग हवीशी होते. गटांत मोडक्यातोडक्या परभाषेंत आपला संशय बोलून दाखवितां येतो. आणि श्रद्धा व शंका एकाच माणसांत नांदूं शकतात, हें शेजाऱ्याच्या तोंडून ऐकावयास मिळतें. कामामुळें घरचा दर्जा गळून पडतो. वकिलाचा मुलगा आणि सुताराचा मुलगा एकाच टांक्यापाशीं उभे असले म्हणजे दोघांच्याही हाताला सारखाच फेस लागतो.

तरीही आठवडाभर राहून जाणारा पाहुणाच असतो. खरा फरक पडतो तो स्वयंसेवक होऊन कित्येक आठवडे, कधीं महिनेही, राहणाऱ्यांत. नव्या मुलांचें स्वागत करणें, कामांची वांटणी करणें, रडवेल्या मुलाला धीर देणें हें त्यांच्याकडे येतें. जो काल घेण्यास आला होता, त्याला आज द्यावें लागतें. उत्साह ओसरल्यावरही ज्या दिवशीं शंभर ताटल्या धुवाव्याच लागतात, त्या दिवशीं सेवा हा शब्द पुस्तकांतून हातांत उतरतो.

या चित्रास काळी बाजूही आहे. १९५० ते १९८० या दशकांत कांहीं बंधूंनीं अल्पवयीनांवर लैंगिक अत्याचार केल्याच्या तक्रारी २०१९ सालीं मठानेंच जाहीर केल्या व सरकारी वकिलास कळविल्या. जेथें तरुण आपलें अंतःकरण मोकळें करतात, तेथें वडील माणसांवर विश्वासाचा बोजा फार मोठा असतो, आणि तो पेलण्यास केवळ पावित्र्याची भावना पुरत नाहीं. देखरेख व उघडेपणा लागतो. आईबापांनीं कोणत्याही शिबिराची चौकशी करतांना हें ध्यानांत ठेवावें. बंधु रोझे स्वतः १६ ऑगस्ट २००५ रोजीं सायंप्रार्थनेंत, तरुणांच्या देखत, एका मनोरुग्ण स्त्रीच्या हातून मारले गेले. त्या वेळीं ते नव्वद वर्षांचे होते.

दुसरा धोका सौम्य आहे : टेकडीवरची उर्मी घरीं येतांच विरते. बंधुसंघानें हें ओळखलें आहे. आपल्या नांवाची चळवळ वा सभासदांची यादी तो ठेवीत नाहीं. देणग्या न घेतां स्वतःच्या श्रमावर राहतो. आणि येणाऱ्यास परत आपल्या चर्चमध्यें, आपल्या गल्लींत धाडतो. १९८५ च्या अखेरीस मद्रास येथें भरविलेल्या मेळाव्यामुळें भारतांतील तरुणांचाही या परंपरेशीं परिचय झाला. आठवड्याची कसोटी परतल्यावरच लागते. प्रार्थना कितीदां केली, याहून घरच्या स्वयंपाकघरांत न सांगतां भांडीं कोणी घासलीं, आणि ज्याच्याशीं अबोला होता त्याच्याशीं पहिला शब्द कोणी बोलला, यावरून त्या टेकडीवर काय घडलें तें घरच्यांस कळतें.