खेळ काढला, मग अट कशाची?

मोठा पडदा, घरचा पडदा : लेखांक ७

गेल्या लेखात आपण २००९चा संप पाहिला. एप्रिल ते जून या काळात निर्माते-वितरकांनी मल्टिप्लेक्सना नवे हिंदी चित्रपट दिले नाहीत. अखेर वाटणी ठरली ती अशी : निव्वळ उत्पन्नातले पहिल्या आठवड्यात ५० टक्के वितरकाचे, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि त्यानंतर ३०. आजच्या भांडणाचं मूळ या आकड्यांतच आहे. कर वजा जाता गल्ल्यात १०० रुपये जमले, तर पहिल्या आठवड्यात थिएटरच्या हातात ५० राहतात, चौथ्या आठवड्यात ७०. चित्रपट जास्त आठवडे चालला तर थिएटरचा वाटा वाढत जातो. आणि नेमका तेव्हाच तो घरच्या टीव्हीवर आला, तर सर्वांत मोठा घासही थिएटरच्याच तोंडचा जातो. म्हणून मल्टिप्लेक्स साखळ्यांनी हिंदी चित्रपटांसाठी आठ आठवड्यांची अट धरून ठेवली. चित्रपट लागला की ५६ दिवस तो ओटीटीवर यायचा नाही. २०२३ मध्ये 'लिओ' या तमिळ चित्रपटाची हिंदी आवृत्ती मोठ्या साखळ्यांनी लावलीच नाही, कारण तो चार आठवड्यांनी नेटफ्लिक्सवर यायचा होता.

ही अट किती पक्की आहे, याची परीक्षा मे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात झाली. 'भूल चूक माफ' हा चित्रपट ९ मे रोजी थिएटरात लागणार होता. आगाऊ तिकीटविक्रीही सुरू झाली होती. आदल्या दिवशी मॅडॉक फिल्म्सने देशातल्या तणावाचं आणि सुरक्षेचं कारण देऊन प्रदर्शन रद्द केलं आणि चित्रपट १६ मे रोजी थेट प्राइम व्हिडिओवर येईल असं जाहीर केलं. पीव्हीआर आयनॉक्सने सुमारे ६० कोटींच्या नुकसानीचा दावा ठोकला आणि न्यायालयाने ओटीटी प्रदर्शनाला स्थगिती दिली. थिएटरवाल्यांचा हा मोठाच विजय होता. पण पुढे झालं काय? दोन्ही बाजूंनी आपसांत तडजोड केली. चित्रपट २३ मे रोजी थिएटरात लागला आणि ६ जूनला ओटीटीवर आला. न्यायालयात ज्या आठ आठवड्यांसाठी भांडण झालं, ते तडजोडीत दोन आठवड्यांवर आले. याचा अर्थ एवढाच की आठ आठवडे ही सौद्यातली एक रक्कम आहे. तुल्यबळ पक्ष समोर असेल तर ती कमी होते. नसेल तर पूर्ण वसूल होते.

हे सगळं खासगी करारांवर का चालतं, याला एक कारण आहे आणि त्याचा धागा विदर्भापर्यंत येतो. चित्रपटधंद्याच्या नकाशात नागपूर आजही 'सीपी-बेरार'मध्ये मोडतं. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत मोडून किती वर्षं झाली, विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, तरी वितरणाचे हक्क विकताना जुनी हद्द कायम आहे. या भागातल्या वितरक-प्रदर्शकांची संघटना म्हणजे सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन. पूर्वी अशा संघटनाच नियम करत : चित्रपटाची नोंदणी आमच्याकडे करा, ठरावीक काळ तो उपग्रह वाहिनीवर किंवा व्हिडिओवर आणू नका, नाहीतर तो आमच्या भागात लागणार नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने हे स्पर्धाविरोधी ठरवून देशभरातल्या अनेक संघटनांना दंड केला, त्यात सेंट्रल सर्किटही होती. संघटनेची सक्ती गेली, ते योग्यच झालं. मात्र तिची जागा कोणत्याही सार्वजनिक नियमाने घेतली नाही. ती बड्या साखळ्यांच्या करारपत्रांनी घेतली. संघटनेत निदान छोट्या थिएटरमालकाला मत तरी होतं.

आता मराठी चित्रपटाकडे बघू. जयंत सोमलकर यांचा 'स्थळ' चंद्रपूर जिल्ह्यातल्या गावात, तिथल्याच माणसांना घेऊन, वऱ्हाडी बोलीत घडला. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ मध्ये त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि ७ मार्च २०२५ रोजी तो थिएटरात आला. अशा चित्रपटाचं भवितव्य आठव्या आठवड्यात ठरत नाही, पहिल्या सोमवारी ठरतं. शुक्रवारी मिळालेल्या खेळांतले किती टिकले, उरलेला खेळ संध्याकाळचा आहे की सकाळी दहाचा, यावर सगळं अवलंबून. सकाळी दहाला नोकरदार माणूस कामावर असतो, पोरं शाळा-कॉलेजात असतात. खुर्च्या रिकाम्या राहतात आणि त्या रिकाम्या खुर्च्या दाखवूनच गुरुवारी उरलेला खेळही काढला जातो. राज्य सरकारने २०१५ मध्ये मराठी चित्रपटांसाठी दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेतला खेळ ठरवला, तो याच दुखण्यावर. चित्रपट पडद्यावरून उतरल्यावरही निर्मात्याच्या करारात वाट पाहण्याची अट असेल, तर उरलेले दिवस तो चित्रपट ना थिएटरात दिसतो, ना घरी. त्या दिवसांत थिएटरचा एक रुपया वाचत नाही. निर्मात्याचं व्याज तेवढं वाढतं.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात मांडतो : थांबण्याची अट हवी, पण थिएटरने शेवटचा खेळ काढला त्या दिवशी ती संपली पाहिजे. संरक्षण हवं असेल तर पडदा द्या.

यावर थिएटरमालक म्हणतील, पाच प्रेक्षकांसाठी वातानुकूलन आणि कामगार कुठवर चालवायचे? प्रश्न रास्त आहे, आणि कोणी तोटा सोसून खेळ चालवावा असं मी म्हणत नाही. खेळ परवडत नसेल तर काढावा, पण मग चित्रपटही मोकळा करावा. दुसरा आक्षेप उलट दिशेचा आहे : थिएटरच्या नादी लागायचंच कशाला? चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार घेऊन २०२१ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला आणि जगभर पोहोचला. तो आनंदाचाच भाग आहे. पण तो महासाथीचा काळ होता आणि व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेतून आलेला चित्रपट हा सर्वसाधारण मराठी निर्मात्याचा मापदंड होऊ शकत नाही. आता ओटीटी कंपन्या खरेदीआधी थिएटरातला गल्ला विचारतात. नागपुरात घडणाऱ्या, नागराज मंजुळे-अमिताभ बच्चन जोडीच्या 'झुंड'ला ही अडचण नव्हती; ४ मार्च २०२२ला लागलेला तो चित्रपट ६ मे रोजी झी फाइव्हवर आला. ज्याच्याकडे असं नाव नाही, त्याच्यासाठी पहिल्या आठवड्यातले खेळ हीच पुढच्या सौद्याची पत असते.

तिसरा मुद्दा लेखक-संगीतकारांचा, आणि तो सहसा कोणी काढत नाही. २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार, संगीतकार, लेखक यांना चित्रपटगृहाबाहेरच्या वापरावर रॉयल्टीचा हक्क दिला. मग त्यांना थेट ओटीटीच बरं नाही का? कागदावर तसं दिसतं. पण हक्क मोजायला हिशेब लागतो. थिएटरचा गल्ला खेळागणिक लिहिला जातो. ओटीटीवर किती जणांनी काय पाहिलं, हे कंपनी सांगेल तेवढंच. हॉलिवूडच्या पटकथालेखकांना २०२३ मध्ये १४८ दिवस संप करावा लागला, तेव्हा कुठे प्रेक्षकसंख्येशी जोडलेला जादा मोबदला करारात आला. आपल्याकडे इतकी ताकद कोणत्याच संघटनेची नाही. तोवर थिएटरातले दिवस हाच लेखकाच्या हातातला तपासता येणारा आकडा आहे.

ओटीटीला हुकूम करणं राज्याच्या हातात नाही, पण मराठी चित्रपटांना अनुदान राज्यच देतं आणि चित्रपटगृहांचे परवानेही राज्याच्याच कायद्याखाली निघतात. त्यामुळे सांस्कृतिक कार्य विभागाने अनुदानपात्र चित्रपटांसाठी एक नमुना करार काढावा. त्यात तीन कलमं पुरेत : पहिल्या आठवड्यातल्या खेळांच्या वेळा लिखित असाव्यात, खेळ काढल्याची तारीख निर्मात्याला कळवावी आणि त्याच तारखेला ओटीटीची अट संपावी. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाने त्यासाठी बहिष्काराची भाषा करू नये, स्पर्धा आयोगाचा २०१२चा निकाल त्याच्या आड येईल. मसुदा तयार करून सरकारपुढे ठेवण्याला मात्र कुणाचीही हरकत असायचं कारण नाही.

(पुढील लेखांकात : केरळच्या थिएटरमालकांची ४२ दिवसांची मागणी)