जीपच्या चाकातली कळ

माझ्या मामाकडे जुनी जीप आहे. ती चारही चाकांनी ओढते, पण नेहमी नाही. असे का, ते मी सांगतो.

मागच्या श्रावणात आजीला खूप ताप भरला. मामा तिला जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेत होता. मीपण होतो. ओढ्याजवळ जीप चिखलात रुतली. मामाने चार चाकांचा छोटा दांडा ओढला. मागची चाकं चिखल उडवू लागली, पण पुढची जागची हलेनात. मामाने कपाळावर हात मारला. "हब लावायचे राहिले की!" असे म्हणून तो पावसात उतरला.

हब म्हणजे चाकाचा मधला भाग. जीपच्या पुढच्या दोन्ही हबांवर एकेक गोल चकती असते. तिच्यावर फ्री आणि लॉक अशा दोन खुणा असतात. बैलगाडीचे चाक फिरते, पण आस फिरत नाही. चकती फ्रीवर असली की जीपचे पुढचे चाक तसेच सुटे फिरते. आतला दांडा फिरत नाही. त्यामुळे चांगल्या रस्त्यावर आतले भाग कमी झिजतात आणि थोडे डिझेल वाचते. लॉकवर केले की चाक आणि दांडा एकमेकांत अडकतात. मग इंजिनाचे बळ चाकाला मिळते.

गुरुजींनी सांगितले की, अमेरिकेत वॉर्न कंपनीने १९४८ साली जीपसाठी असे हब काढले.

मामाने एक हब फिरवला आणि दुसरा मला फिरवायला सांगितला. चकती चिखलाने घट्ट झाली होती. मी अर्धीच फिरवली आणि "झाले" म्हणालो. तरी जीप निघेना. एकच हब लागला तर सुट्या बाजूचा दांडा नुसता गरगर फिरतो आणि सगळे बळ फुकट जाते. मामाने माझी चकती पूर्ण फिरवली, तेव्हा जीप निघाली. आजी मागे कण्हत होती. मला फार वाईट वाटले.

काही गाड्यांना आपोआप लागणारे हब असतात. आतून चार चाके लावली की ते स्वतःच अडकतात. पावसात उतरावे लागत नाही. त्यातले पुष्कळसे सोडवायला परत दोन चाकांवर येऊन गाडी थोडी मागे घ्यावी लागते. पण रुतलेली गाडी पुढे-मागे करताना ते मध्येच सुटू शकतात. हाताने लावलेले हब आपण सोडवेपर्यंत सुटत नाहीत. म्हणून मामाला हाताचेच आवडतात. फक्त ते चिखल लागायच्या आधी लावले पाहिजेत, आणि दोन्हीकडचे पूर्ण लावले पाहिजेत.

आजी आता बरी आहे. पाऊस असला की जीपमध्ये बसण्याआधी ती मला विचारते, "हब लावले का रे? दोन्ही?"

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी