शेवंता तीच, चेहरा नवा

'रात्रीस खेळ चाले'च्या तिसऱ्या पर्वात, २०२१च्या अखेरीला, शेवंता बदलली. अपूर्वा नेमळेकरच्या जागी कृतिका तुळसकर आली. या पर्वात शेवंता भूत होती, आणि भुताने रूप पालटलं तर लालबाग-परळच्या कोकणी घरांत कुणी हरकत घेतली नसती. बदल मात्र आपल्याकडे नेहमी होतो तसाच झाला: भूमिका तीच, माणूस दुसरं.

दूरदर्शनवरच्या 'शक्तिमान'मध्येही हेच झालं होतं. गीता विश्वास आधी किटू गिडवानी होती, मग वैष्णवी महंत झाली. 'माझ्या नवऱ्याची बायको'त २०१८ साली रसिका सुनीलची शनाया ईशा केसकरकडे गेली आणि २०२० साली पुन्हा रसिकाकडे आली. 'आई कुठे काय करते'मधली संजना दीपाली पानसरेकडून रूपाली भोसलेकडे गेली. प्रत्येक वेळी कथा एका शब्दानेही न थांबता पुढे सरकली.

या पद्धतीचं मूळ मला दादर-परळ-गिरगावच्या नाट्यगृहांत दिसतं. शिवाजी मंदिर, दामोदर, साहित्य संघ इथे वाढलेल्या व्यावसायिक नाटकाला रिप्लेसमेंटशिवाय जगताच आलं नसतं. डिसेंबर १९७०मध्ये रंगमंचावर आलेला 'नटसम्राट' डॉ. लागूंनंतर दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशांनी पेलला. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'चे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. लोकांच्या मनात मच्छिंद्र कांबळींचे तात्या सरपंच पक्के बसले, पण इतक्या प्रयोगांत भोवतीचे गावकरी तेच कसे राहणार?

छोट्या भूमिकेतल्या बदलीची जाहिरात होत नाही, पण खरी कसोटी तिथेच असते. नवा नट विंगेत उभा राहून प्रयोग बघतो, संवाद पाठ करतो, मग जुन्या मंडळींबरोबर तालमीला उभा राहतो. दिग्दर्शक दुसऱ्या नाटकात गुंतलेला असला तर सहकलाकारच त्याला सांगतात: इथे थांब, या वाक्यावर वळ, इथे हशा येतो, तो ओसरू दे. प्रमुख नटाला एखादी चूक सावरायला पुढचे दोन अंक मिळतात. शेजारी, नोकर, मेहुणा यांना जेमतेम दोन प्रवेश. मेहुण्याचं उत्तर क्षणभर उशिरा आलं तर हशा नायकाचा पडतो. म्हणून अशी बदली करणाऱ्या नटांविषयी मला फार आदर आहे. त्यांच्या कामाची दखल परीक्षणात येत नाही, कारण परीक्षण सहसा सुरुवातीच्या प्रयोगांचंच होतं.

नाटकात हे खपून जातं, कारण बहुतेक प्रेक्षक ते नाटक प्रथमच पाहत असतात. आधीची मेहुणी कोण होती हे त्यांना ठाऊकच नसतं. मालिकेचं तसं नाही. 'चार दिवस सासूचे' २००१ ते २०१३ चालली आणि तिचे तीन हजारांवर भाग झाले. इतकी वर्षं रोज रात्री जेवणाच्या वेळी घरात येणारा चेहरा एका सोमवारी दुसराच होतो. रंगभूमीचा उपाय इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, असं मला वाटतं.

परदेशातल्या दीर्घ विज्ञानमालिकांनी वेगळी वाट शोधली. ब्रिटनच्या 'डॉक्टर हू'मध्ये विल्यम हार्टनेलची प्रकृती ढासळली तेव्हा, १९६६ साली, नायकाचं शरीरच नवं होतं अशी कल्पना काढून पॅट्रिक ट्राउटनला आणलं. त्याच्या बहुतेक साथीदारांसाठी मात्र ही सोय ठेवली नाही. साथीदार निरोप घेतो आणि येणारा नवा माणूस नवं नाव, नवा स्वभाव घेऊन येतो. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'ने दुसऱ्या पर्वात डॉ. क्रशरऐवजी डॉ. पुलास्की आणली. ती फारशी रुजली नाही आणि तिसऱ्या पर्वात क्रशर परतली. तरी पुलास्कीला स्वतःची ओळख होती. क्रशरचा मुखवटा तिच्यावर कुणी चढवला नाही.

सगळ्यांत विचारपूर्वक काम 'बॅबिलॉन ५'चं. लेखक स्ट्राझिन्स्की यांनी प्रत्येक पात्रासाठी कथेत बाहेर पडायचं दार आधीच ठेवलं होतं. १९९३च्या पहिल्या चित्रपटातली मन वाचणारी लायटा मालिकेत नव्हती, तिच्या जागी टालिया आली. टालियाची अभिनेत्री दुसऱ्या पर्वात गेली, तेव्हा तिच्या आत दुसरंच व्यक्तिमत्त्व दडलं होतं हे उघड झालं आणि लायटा परत आली. जाणं हाच कथेतला धक्का ठरला.

आपल्याकडे हे कठीण आहे, याची कारणं खरी आहेत. स्ट्राझिन्स्कींनी बहुतेक भाग एकट्याने लिहिले. आपल्या दैनंदिन मालिकेत कथा, पटकथा, संवाद वेगवेगळ्या हातांत असतात, चित्रित भागांची बँक तुटपुंजी असते आणि कलाकार निघाला की दोन-चार दिवसांत दुसरा सेटवर हवा असतो. कथानक शनायाभोवतीच फिरत असेल तर तिला गावाला धाडून भागत नाही.

पण ज्यांच्यावाचून कथा अडत नाही अशा आत्या, जावा, मित्र, वकील यांना तरी निरोपाचा प्रवेश लिहून द्यायला हवा. आणि जिथे चेहराच बदलायचा आहे, तिथे येणाऱ्या मुलीला किमान तालीम मिळायला हवी. शिवाजी मंदिरात चार वाक्यांच्या भूमिकेसाठी उभा राहणारा नट विंगेतून प्रयोग पाहून मगच पाऊल टाकतो. मालिकेतल्या नवीन शेवंतेसाठी तर जुने सगळे भाग वाहिनीकडे आहेत आणि सहकलाकार समोर आहेत. लागतात ते चित्रीकरणाच्या वेळापत्रकातले दोन मोकळे दिवस.