पुतळी, गिनी आणि भाताची कोठी

कर्जत-खालापूरच्या जुन्या घरांतून पुतळ्यांची माळ आता क्वचितच दृष्टीस पडते. जेथे ती शिल्लक आहे तेथे ती लग्नकार्यापुरती बाहेर निघते आणि पुन्हा कापडात गुंडाळून आत जाते. या पुतळीची कुळकथा मनोरंजक आहे. मूळची पुतळी म्हणजे व्हेनिस या सागरी प्रजासत्ताकाचे सोन्याचे नाणे, डुकाट. १२८४ साली ते प्रथम पाडले गेले. १७९७ साली नेपोलियनने ते प्रजासत्ताक बुडविले तोवर, म्हणजे पाच शतकांहून अधिक काळ, त्याचे सुमारे साडेतीन ग्रॅम वजन आणि जवळजवळ शंभर नंबरी कस यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. नाण्यावर व्हेनिसचा राज्यप्रमुख संत मार्कपुढे गुडघे टेकून बसलेला असे. आपल्या बायकांना ना तो राज्यप्रमुख ठाऊक, ना तो संत. त्यांनी त्या आकृतीला पुतळी म्हटले, नाण्याला कडी लावली आणि ते माळेत ओवले. पुढे व्हेनिसचे नावनिशाण राहिले नाही, तरी पुतळीचा भाव मात्र सोनार देतच राहिला.

हा मुलूख बोरघाटाच्या पायथ्याचा. पनवेल बंदरातून घाटावर जाणारा माल, फौजा आणि खजिने याच वाटेने गेले. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाची फौज कोंडली गेली, तेव्हा जवळचे सामानसुमान टाकून देऊनच त्याला वाट मिळाली. राज्ये येतात आणि जातात हे ज्यांनी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहिले, त्यांनी राजाच्या शब्दापेक्षा धातूच्या वजनावर भिस्त ठेवावी यात नवल नाही.

कागदी चलन आले तेव्हाही हा स्वभाव पालटला नाही. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई पडली, म्हणून १९१७ च्या अखेरीस सरकारने एक रुपयाची नोट काढली. १९१८ च्या वसंतात युद्धाच्या वार्ता बिघडताच लोकांनी नोटा देऊन रोख रुपये मागण्यासाठी गर्दी केली. शेवटी अमेरिकेतून चांदी आणावी लागली. त्याच वर्षी मुंबईच्या टांकसाळीत, लंडनच्या टांकसाळीची शाखा म्हणून, सुमारे १३ लाख गिन्या पाडल्या गेल्या. आठ ग्रॅमला किंचित कमी वजनाची, बावीस कॅरटची ही गिनी. मुंबईच्या टांकसाळीतील गिनी म्हणाल तर ती तेवढ्या एकाच सालाची.

तथापि सोने संकटात तारते, हे विधान एकदा तपासून घेतले पाहिजे. १९३१ च्या सप्टेंबरात ब्रिटनने सुवर्णमान सोडला आणि सोन्याचा रुपयांतील भाव चढला. धान्याचे भाव मात्र जगभराच्या मंदीने कोसळले होते. सारा आणि सावकाराचे व्याज कमी झाले नव्हते. तेव्हा खेड्यापाड्यांतील सोने मुंबईच्या बाजारात आले आणि बोटींतून विलायतेला गेले. या सोन्याला त्या काळी ‘आपत्तीचे सोने’ म्हणत, ते अगदी योग्य होते. सोने होते म्हणून अनेकांची जमीन वाचली हे खरे. परंतु ते एकदा गेले ते बहुतेकांच्या घरी परत आले नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने या सवयीशी उघड झगडा मांडला. १९६३ चे सुवर्णनियंत्रण, चौदा कॅरटची मर्यादा, १९६८ चा कायदा, लगडी बाळगण्यास मनाई. यापायी हजारो सोनारांच्या शेगड्या थंड पडल्या, आणि सोने मात्र चोरवाटेने येतच राहिले. हा कायदा अखेर १९९० साली गेला. अर्थमंत्री होते मधु दंडवते, आपल्या कोकणातून निवडून गेलेले. आमच्या मते तो कायदा मुळातच चुकीच्या रोगावरचे औषध होते. लोक सोने घेतात ते लोभानेच असे नव्हे. १९४६, १९७८ आणि २०१६ अशा तीन वेळा नोटा बाद झाल्या. २०१० साली याच रायगड जिल्ह्यातील पेण अर्बन बँकेचे व्यवहार थांबले आणि ठेवीदार वर्षानुवर्षे आपल्याच पैशासाठी खेटे घालीत राहिले. अशा ठेवीदाराला सोन्याच्या निरुपयोगीपणावर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणाला आहे?

२०२५ साली दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला. तेव्हापासून शिक्षक आणि कारकून मंडळीही दागिन्याऐवजी नाणे घ्यावे काय, असे विचारू लागली आहेत. संचय म्हणून नाणे बरे, हे निःसंशय. दागिना मोडायला नेला की मजुरी बुडते, घट धरली जाते, डाख वजा होतो. नाण्यात यातले फारसे काही नाही. मात्र बँकेतून घेतलेले नाणे बँक परत विकत घेत नाही, ही गोष्ट पुष्कळांना घेतल्यानंतर कळते. मग सराफाकडेच जावे लागते, आणि तो आपल्या हिशेबाने भाव लावतो. शिवाय १९८० च्या जानेवारीत औंसाला ८५० डॉलरपर्यंत चढलेले सोने १९९९ मध्ये २५० च्या आसपास उतरले होते. रुपयाच घसरत गेल्याने आपल्याला तो खड्डा तितकासा दिसला नाही, एवढेच.

आणि ज्यांच्या घरी गुंजभरही सोने नाही त्यांचे काय? या दोन तालुक्यांच्या वाड्यांतून राहणाऱ्या कातकरी कुटुंबांना आवणीच्या दिवसांत गहाण टाकायला काही नसते. त्यांतले कितीतरी जण वीटभट्टीमालकाची उचल घेतात. संचय करणारा आपले पुढचे दिवस राखून ठेवतो. उचल घेणारा ते आधीच विकून मोकळा होतो. हा प्रश्न माथेरानला जन्मलेल्या एका तरुण वकिलाने ओळखला होता. भाई कोटवालांनी कर्जत तालुक्यात शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढल्या. उद्देश असा की, अडीच्या वेळी शेतकऱ्याला सावकाराचे दार ठोठवावे लागू नये. भात हे काही पुतळीसारखे पाचशे वर्षे टिकत नाही. त्याला उंदीर लागतो, ओल लागते. परंतु आषाढात घरातली चूल पेटविण्याइतके मोल त्यात असते, आणि ते एकट्याच्या पेटीत नसून गावाच्या कोठीत असते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोटवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांचे वय तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. हुतात्मा म्हणून या भागात त्यांचे स्मरण दरवर्षी होते. त्यांच्या कोठ्यांची आठवण मात्र भाषणांतून फारशी निघत नाही.