अकरा महिन्यांचा कागद

सीबीडी बेलापूर स्टेशनातून बाहेर पडून कोकण भवनाकडे चालू लागलं, की वकिलांच्या पाट्या दिसू लागतात. पाट्या बेताच्याच. नाव, पदवी, फार तर मजला. वकिलाने जाहिरात करू नये आणि पाटीसुद्धा वाजवी आकाराचीच लावावी, असा बार कौन्सिलचा नियम आहे. शेजारचा क्लासवाला दहावीच्या टक्क्यांचे फलक टांगतो. वकील जिन्यातल्या पाटीवर भागवतो.

वस्ती मात्र मोक्याची. सिडको भवन, कोकण भवन, पोलीस आयुक्तालय, न्यायालय, सगळं इथेच. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची जमीन मुळात ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली, त्यामुळे जुनं घर विकत घेणाऱ्याला हस्तांतरणाच्या कागदांसाठी बेलापूर गाठावंच लागतं. पण वकिलांच्या अशा छोट्या ऑफिसांची रोजची मीठभाकर वेगळीच आहे: भाडेकरार.

‘वकीलसाहेब, अकरा महिन्यांचंच आहे, नोटरी करून द्या ना!’ हे वाक्य इथे रोज ऐकू येतं. अकरा महिन्यांची ही समजूत १९०८च्या नोंदणी कायद्यातून आली. वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवण्याची सक्ती त्यात नाही. महाराष्ट्रात ही पळवाट १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ने बुजवली. करार लेखी हवा, नोंदलेला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. चुकला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माझ्या मते खरी मेख पुढेच आहे: नोंदलेला करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. चार पैसे वाचवायला निघालेला मालक डिपॉझिटचा आकडा भाडेकरूच्या तोंडी सोपवून बसतो.

याच ऑफिसांत चेक परत आलेला माणूस आला, की वकील आधी रक्कम विचारत नाही, तारीख विचारतो. बँकेचा मेमो हाती पडल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे भरायला १५ दिवस, त्यानंतर महिन्याभरात तक्रार. ‘देतो म्हणालाय’ या भरवशावर यातले कितीतरी दिवस निघून जातात.

फी परवडत नसेल तर सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे अनेकांना ठाऊकच नसतं. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अटच नाही. मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं यांनाही नाही. हेल्पलाइनचा नंबर १५१००. पक्षकाराला हे आपणहून सांगणारा वकील स्वतःचंच गिऱ्हाईक घालवतो. तरी सांगणारे असतात, आणि मला तीच ऑफिसं भरवशाची वाटतात.

भाडेकराराची नोंदणी आता ऑनलाइन. लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन ऑफिसचा पोऱ्या थेट घरी येतो. मालक, भाडेकरू, दोन साक्षीदार, सगळ्यांचे ठसे आधारशी जुळावे लागतात. तरुणांचं मिनिटात आटोपतं. घर आजींच्या नावावर असलं, की खोळंबा. उभा जन्म भांडी घासून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. मशीन ‘जुळत नाही’ म्हणतं. पोऱ्या म्हणतो, ‘आजी, जरा पुसून घ्या.’ आजी पदराला अंगठा पुसतात आणि पुन्हा टेकवतात.